वीस मिनिटांनंतर पुन्हा

एका सेकंदाला एक शब्द, घाई नाही, रेंगाळणंही नाही :
शिडी. मीठ. हंस. बटण. कोळसा. पत्र.
मावशी. तांबं. पूल. सफरचंद. शिट्टी. धुकं.
एकोणीस वर्षं मी हेच वाचते आहे ओस्त्रावात,
दुसऱ्या मजल्यावर, जिथे ट्राम वळताना दात खाते
आणि हवा निवळली की खिडकीतून एमा दिसते.

एमा म्हणजे डोंगर नव्हे.
खाणींनी ओकलेल्या दगडमातीचा ढीग.
खाणी बंद झाल्या, ते हिला कुणी कळवलंच नाही.
पोटात अजून धुमसते. जानेवारीत सारं गाव पांढरं,
आणि हिच्या अंगावर बर्फ टिकत नाही.

लिबोर नऊ वाजता. वय सव्वीस.
इथे त्याला पेर्विटिन म्हणतात,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिजलेलं, सलग चार वर्षं.
ऑक्टोबरात त्याने रेडिएटर उचकटला होता,
आत कुजबुजणाऱ्यांना बाहेर काढायला.
आता शांत आहे. स्वेटर उलटा. नखं संपलेली.
माझ्या बारातले सात सांगतो,
वर एक यादीत नसलेला : गुडघा.

ओताकार अकराला. तिशी ओलांडलेला. विडीकाडीही नाही कधी.
चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करायचा;
नळ्या मोजत होता, तर एक दिवस
नळ्याच त्याला मोजू लागल्या.
त्याचेही सात.

आकडे उलटे सांगा : नऊ, दोन, सहा, चार.
दोघंही तिसऱ्याशी अडतात.
ठिपके जोडा. आकडा, मग अक्षर, मग आकडा, मग अक्षर.
दोघांचीही पेन्सिल मध्येच अधांतरी,
जिन्यातला दिवा गेल्यावर पाय जसा
पुढची पायरी आहे की नाही ते चाचपतो.
संध्याकाळी दोन्ही आलेख काचेवर एकावर एक धरले.
एकच रेघ दिसली.
मागे एमा होती, तिच्यातून थोडा धूर.

लिबोरची आई बाहेर उभी, हातमोजे पिळत :
पावडरीनंच झालंय ना हे? तुम्ही फक्त हो म्हणा.
म्हणजे उतरेल.
आणि ओताकारचे वडील, पूर्वीचे खाणकामगार,
माझ्याकडे न बघता म्हणाले :
यानं काहीतरी घेतलं असतं तर बरं झालं असतं.
निदान फेकून द्यायला घरात काही असतं.

माझ्याकडे स्टॉपवॉच आहे. खोडरबर आहे.
फॉर्मवर ‘कारण’ असा एक चौकोन आहे,
त्यात मी आधी तारीख लिहिते, मग खोडते.

मे महिन्यात लिबोर दहावर आला.
रंग परतला होता चेहऱ्यावर, स्वेटर सुलटा.
मी विचारलं, तो गुडघा कुणाचा होता?
कुठला गुडघा? तो म्हणाला.
दहा चांगलेच. दहांचा आनंद मला झालाच.
पण त्या गुडघ्याला तिथे
दुसरं कुणी ओळखीचं नव्हतं.

ओताकार सहावर घसरला.
उठताना म्हणाला : तुम्ही ‘मीठ’ नेहमी
बाकीच्यांपेक्षा अर्धा सूर खाली वाचता.
गेल्या वेळीही तसंच वाचलंत.
ह्याला गुण द्यायला
माझ्या कागदावर जागा नाही.
दार लागल्यावर मी मोठ्याने वाचून पाहिलं.
खरं होतं.

सप्टेंबरात नऊ वाजता खुर्ची रिकामी.
त्याच्या आईचा फोन वाजत राहिला.
सव्वानऊ झाले, ट्राम वळली,
आणि लक्षात आलं की स्टॉपवॉच चालू आहे.
कधी लावलं, कशासाठी लावलं,
मला काही आठवेना.